आमची वाटचाल : गम, कोटा आणि एक पांढरा डाग

आमच्या पेटीत खरवडायचे पत्रे, हीट गन, पांढरी सुती फडकी आणि कोटा फरशीचा वीतभर तुकडा असतो. फरशीवरचा, गालिच्यावरचा गम काढायचा आमचा धंदा त्या तुकड्यावर तरला, म्हणून आधी त्याचं सांगतो.

पुण्यात कर्वेनगरातल्या एका फ्लॅटमध्ये कोट्यावर व्हिनाइल शीट रबरी गमाने, म्हणजे एसआरने, चिकटवलेली होती. मालकांना खालचा कोटा परत हवा होता. काम नेहमीचंच. शीट हातभर रुंदीच्या पट्ट्यांत कापायची, हीट गन वीतभर लांब धरून फिरती ठेवायची, शीट मऊ पडली की पत्रा जवळजवळ आडवा करून आत सरकवायचा. मागे पिवळा चिकट थर राहतो, आणि खरं काम तिथून पुढे असतं. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं अंथरायचं, वर प्लास्टिक टाकायचं आणि 15-20 मिनिटं हात लावायचा नाही. प्लास्टिक नसेल तर थिनर उडून जातो, गम पुन्हा आवळतो आणि माणूस दिवसभर घासत बसतो. थर सुरकुतला की खरवडून कागदात गोळा करायचा. पुसत राहिलात तर तोच पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत उतरतो.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. हीट गन खोलीबाहेर गेल्याशिवाय आम्ही डबा उघडत नाही. खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद, फ्रिजचा प्लग आधीच काढलेला, आणि देवघरातली समई शांत केली का, हे तोंडाने विचारायचं. घरचे सगळं सांगतात, समई विसरतात.

आम्ही कोटा साफ, कोरडा करून दिला. चार दिवसांनी तिथे पॉलिशवाला आला. आमचाच पहिला भागीदार, वेगळा होऊन पॉलिशची कामं घेणारा. सांध्यांवरचं सिमेंट झटपट निघावं म्हणून त्याने ॲसिड ओतलं. कोटा हा चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फसफसतो, वरचा गुळगुळीत थर जातो, खाली पांढरट, खरखरीत अंग उघडं पडतं. थिनर गम विरघळवतो, दगड खात नाही. हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. तरी मालकांना सांगितलं काय, तर 'त्यांच्या केमिकलने फरशी जळाली.'

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरले. हातातली तीन कामं गेली. पोरांचे पगार द्यायला घासायचं मोठं मशीन विकलं. बोहरी आळीतल्या शेठनी थिनरचे डबे उधारीवर दिले नसते, तर हे लिहायला आम्ही नसतो.

एरंडवण्यातल्या काकू आमच्या पहिल्या घरगुती गिऱ्हाईक. 'भांडत काय बसलात, दाखवा की,' म्हणाल्या आणि बांधकामातून उरलेला, तुळशीच्या कुंडीखालचा कोट्याचा तुकडा धुऊन हातात दिला. अर्ध्यावर थिनरचं फडकं प्लास्टिकखाली रात्रभर ठेवलं, अर्ध्यावर ॲसिडचे दहा थेंब. सकाळी एक बाजू होती तशी, दुसरीवर रुपयाएवढा पांढरा डाग, बोटाला कड लागेल असा. कर्वेनगरच्या मालकांनी तुकड्यावरून नख फिरवलं, मग स्वतःच्या फरशीवरून, आणि काही बोलले नाहीत.

दुरुस्ती आमच्याच खर्चाने केली. डायमंड पॅड 100, 200, 400, 800, सगळे पाण्यासोबत. मधला नंबर गाळायचा नाही, गाळला तर आधीच्या पॅडचे ओरखडे पुढच्याने जात नाहीत. ते पैसे पॉलिशवाल्याकडून आजतागायत आलेले नाहीत.

पुढची वर्षं बरी गेली.

गालिच्याचं मात्र सांगायलाच हवं, कारण लोक विचारत नाहीत, घरी करून मग फोन करतात. गालिच्याची पाठ बहुधा लॅटेक्सने धरलेली असते. वरून थिनर ओतलात तर गम राहतो आणि पाठ सुटते, मग गालिचा फुगतो. थिनर कापडावर घेऊन कडेकडून मध्याकडे टिपायचं, चोळायचं नाही. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गमाला कोमट पाण्याचं फडकं पुरतं. ग्लू गनचा गोळा बर्फाच्या पिशवीने कडक करून मोडायचा. फेविक्विकला ॲसिटोन लागतं, पण काही कृत्रिम रेशमी धागे ॲसिटोनमध्ये चक्क विरघळतात, तेव्हा आधी कोपऱ्यातला एक धागा तपासा. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण, मग साधं पाणी, नाहीतर उरलेल्या चिकट्यावर आठवड्यात धूळ बसते. पावसाळ्यात हे काम शक्यतो काढू नका, पाठ वाळत नाही आणि कुबट वास धरते.

डबल टेपच्या डागाला खोबरेल लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. काचेवर, व्हिट्रिफाइड टाइलवर खुशाल लावा. शहाबादीवर लावाल तर गम जाईल आणि तेलाचा काळा डाग बसेल. तो उपसायला शंखजिरं ॲसिटोनमध्ये श्रीखंडाइतकं घट्ट कालवून, वर प्लास्टिक चिकटवून दिवसभर ठेवावं लागतं, तेही दोन-तीनदा, आणि तरी पुसट खूण राहू शकते.

तुकडा काकूंनी परत मागितला नाही. कुंडीखाली आम्ही ग्रॅनाइटची लादी नेऊन ठेवली, तर म्हणाल्या, 'हिच्यावर ॲसिड टाकून बघितलंत का?'

बघितलं होतं. काही झालं नाही.