देवघरातली काजळी

आज या जुन्या घराच्या देवघरातली भिंत साफ करत असताना घरच्या माई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तेवढं कोनाड्यावरचं राहू दे गो. ती सासूबाईंच्या समईची काजळी." एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

तेव्हापासून ते मनातून जात नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल मी जे शिकले ते सगळे काजळी काढावी या माझ्याच बाजूने बोलते. तेलकट काजळीवर धूळ बसते, ती पावसाळ्यात ओल धरते, आणि तिच्याखाली कावीची, म्हणजे तांबड्या-पांढऱ्या भित्तिकलेची, वेलबुट्टी आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून नक्षी उमटवायची, हे जाणणारे कारागीर आता गोव्यात शोधावे लागतात. ती नक्षी काळोखातच ठेवायची, तर मला बोलावले कशाला? दर्शनी खोलीत चुन्यावर प्लास्टिक पेंट फासला आणि जांभ्यातली ओल आतच कोंडली, तेव्हा कुणी अडवले नाही. अडवायला मीच सापडले. इतरांची घरे जिवापाड जपायची आणि तिथे आपला शब्द शेवटी पाहुण्याचाच, हे फार लागले.

जेवणानंतर ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतले अकरावे कलम आठवले: वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली सार्थ भर जपावी, शैलीची एकसंधता हे उद्दिष्ट नव्हे. भर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर खांब, कमानी, फार तर एखादी नवी ओसरी येई. रोज तिन्हीसांजेला लावलेल्या दिव्याची काजळी ही भर की मळ? कोनाड्याच्या डाव्या अंगाला ती दाट आहे आणि वर जाताना पसरत गेली आहे. म्हणजे समई वर्षानुवर्षे तिथेच, जराही न सरकवता, ठेवली जात असणार. हे त्या घराच्या कुठल्याही कागदात सापडायचे नाही. नक्षी उद्याही उघडता येईल, पुसलेली काजळी मात्र कुणालाच परत लावता येणार नाही.

तेव्हा उरलेली भिंत ठरल्याप्रमाणे साफ करायची, कोनाड्यावरची फक्त सुटी धूळ मऊ कुंचल्याने झाडायची, छायाचित्रे घ्यायची आणि अहवालात कारण स्पष्ट लिहायचे. काम अपुरे राहिले असे वरून म्हटले जाईलच. त्याला उत्तर देण्याची तयारी आहे. त्याआधी माईंकडून समईत कुठले तेल घालत आणि वात कोण करी, तेवढे लिहून घ्यायला हवे.