तुम्ही विचारलंत म्हणून: हवा नेमकी बिघडवतं कोण?

मी हवेच्या रसायनशास्त्रात काम करते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकू असोत की सोसायटीचे सेक्रेटरी: "मॅडम, एका शब्दात सांगा, गाड्या की बांधकामं?" एका शब्दात नाही सांगता येणार म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं, या बाई नाव घ्यायला घाबरतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी मी मोजते काय ते. पुण्यात एका इमारतीच्या गच्चीवर आमचा पंप चालतो. मिनिटाला 16.7 लिटर हवा ओढतो, म्हणजे दिवसाला 24 घनमीटर. माणूस दिवसभरात श्वासावाटे घेतो त्याच्या साधारण दुप्पट. पंपाच्या तोंडाशी मोठे कण गळतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तेवढे आत जाऊन 47 मिलिमीटरच्या गोल फिल्टरवर बसतात. बातम्यांतलं 'पीएम 2.5' ते हेच. घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम असा वाईट दिवस धरला (आपली 24 तासांची मर्यादा 60 आहे), तरी दिवसाची कमाई फक्त 2.4 मिलिग्रॅम. कोरा फिल्टरच दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. त्यामुळे वजनाच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता बांधून ठेवायची, फिल्टर तिथे दिवसभर मुरू द्यायचा आणि चिमट्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. बोट लागलं की बोटाचं तेलच मोजलं जातं.

गच्चीवर कुणी पाहुणा आला की त्याला सगळ्यात काळा फिल्टर बघायचा असतो. जानेवारीतला दाखवला की तो "बाप रे" म्हणतो, फोटो काढतो. पण काळा रंग काजळीचा, आणि काजळी थोडी असली तरी सगळं काळं करून सोडते. शेजारचा फिकट, राखाडी फिल्टर पुष्कळदा वजनाला जास्त भरतो. त्यावर बसलेले असतात पांढरे क्षार, मुख्यतः अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कसं?

त्यातलं नायट्रेट तर भलतंच चंचल. थंड, दमट हवेत ते कण होऊन राहतं आणि ऊन चढलं की पुन्हा वायू होऊन जातं. मे महिन्यात फिल्टर गच्चीवर दुपारभर पडून राहिला तर पुरावाच उडून जातो. म्हणून उतरवला की लगेच थंड पेटीत आणि तिथून फ्रीजरमध्ये.

पुढचं काम चोर शोधण्याचं, आणि ते बरंचसं जमतं. लाकूडफाटा जळला की त्यातल्या सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर बनते. ती दर डिसेंबरात फिल्टरवर वाढते. पहाटेच्या शेकोट्या, पाण्याचे बंब, झाडलोटीचा पालापाचोळा, सगळ्यांची सही एकच. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन असले की माती, रस्त्याची धूळ. व्हॅनेडियम आणि निकेल जोडीने आले की कुठेतरी जड तेल जळतंय. बंदरांच्या शहरांत त्यात जहाजंही आली. दिवाळीत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम. हिरव्या आणि लाल रोषणाईचे हे मूळ मालक.

आता अमोनियम सल्फेट. शेतकऱ्याला विचारा, तो ओळखेल. खताच्या पोत्यात येतं ते हेच. पण हवेतलं कुणी उधळलेलं नसतं. कोळसा जळताना त्यातला गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन चिमणीतून निघतो. वाटेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. इकडे शेतात टाकलेल्या युरियातून आणि जनावरांच्या मलमूत्रातून अमोनिया वर येतो. दोघांची गाठ पडली की क्षाराचा कण तयार. चिमणीवाल्याने कण सोडला नव्हता, शेतकऱ्याने तर नाहीच. दोघंही हात वर करतात आणि दोघंही खरं बोलत असतात! शिवाय हे काम पूर्ण व्हायला दिवस, दोन दिवस लागतात. सेकंदाला तीन मीटर अशा साध्या वाऱ्यानेही हवा दिवसात अडीचशे किलोमीटर जाते. म्हणजे कण जन्मतो एका जिल्ह्यात आणि त्याचे आईबाप दुसऱ्याच दोन जिल्ह्यांतले.

हवेतच प्रदूषण 'बनतं' ही गोष्ट पहिल्यांदा गळी उतरवली एका अननसवाल्याने. 1943 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारा धूर पसरला, तेव्हा युद्ध चालू असल्याने लोकांना जपानने विषारी वायू सोडल्याची शंका आली होती. पुढे कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञानसंस्थेत आरी हागेन-स्मिट हे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा वास कशाकशाने बनतो यावर काम करत होते. वास गोठवून पकडण्याचं तेच उपकरण त्यांनी शहराच्या हवेला लावलं आणि हाती आले घाण वासाच्या तपकिरी द्रवाचे थेंब. त्यातून त्यांनी उलगडून दाखवलं की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या वाफा, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि कॅलिफोर्नियाचं ऊन यांच्यातून ओझोन तयार होतो. ओझोन कुठल्याच नळीतून बाहेर पडत नव्हता. तेल कंपन्यांना हे पटायला अर्थातच वेळ लागला.

मला हा माणूस आवडण्याचं आणखी एक कारण आहे. या क्षेत्रात ठरवून आलेली माणसं कमीच. पॉल क्रुट्झन यांना ओझोनच्या कामासाठी 1995 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण शिक्षणाने ते पूल बांधणारे इंजिनिअर, आणि हवामानाच्या विभागात शिरले ते प्रोग्रामर म्हणून. मीही एमएस्सी सेंद्रिय रसायनशास्त्रात केली. वर्गातली निम्मी मुलं औषध कंपन्यांत गेली, आणि घरच्यांना आजही वाटतं की मीही जायला हवं होतं. "हवेत काय करिअर?" हा वडिलांचा विनोद आमच्याकडे अजून चालतो.

तर, मूळ प्रश्नाकडे. दिल्लीसाठी आयआयटी कानपूरने 2016 मध्ये जो अहवाल दिला, त्यात हिवाळ्यातल्या बारीक कणांचा साधारण 30 टक्के वाटा असा हवेतच तयार झालेला निघाला. वर्तमानपत्रात गोल आकृती छापून येते, त्यात गाड्या, धूळ, कचरा जाळणं यांचे तुकडे असतात आणि एका मोठ्या तुकड्यावर लिहिलेलं असतं 'दुय्यम कण', म्हणजे हेच, हवेत तयार झालेले. वाचणारा ते शब्द ओलांडून पुढे जातो. धोरण ठरवणारेही जातात, हे माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यावर पाणी मारणारे टँकर दिसतात, फवाऱ्याच्या तोफा दिसतात, 2021 मध्ये दिल्लीत कॅनॉट प्लेसला उभारलेला स्मॉग टॉवर, म्हणजे हवा गाळणारा मनोरा, तर लांबूनही दिसतो. धुळीसाठी पाणी मारा, जरूर मारा. पण सल्फेटचा कारखाना आकाशात चालू आहे, तिथे तोफ पोचत नाही.

तिथे पोचणारी गोष्ट म्हणजे चिमणीतच गंधक धुऊन काढणारी यंत्रणा. वीजकेंद्रांना ती लावण्याचा नियम डिसेंबर 2015 मध्ये आला, दोन वर्षांची मुदत दिली गेली, मग मुदतीला मुदतवाढ, आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक संचांना त्यातून सूटच मिळाली. एक युक्तिवाद असा, की आपल्या शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आतच आहे. आहेच की! तो वायू म्हणून शहरात पोचेपर्यंत बराचसा कण झालेला असतो आणि मोजणीत दुसऱ्याच रकान्यात पडतो. माझ्या फ्रीजरमधले पांढरे फिल्टर त्या दुसऱ्या रकान्यातले. वीजकेंद्रं महाग पडतील, वीज महागेल, हे मुद्दे मला समजतात. त्यावर वाद घालता येईल. पण वायू मर्यादेत आहे म्हणून प्रश्नच नाही, असं सांगितलं जातं तेव्हा मला खुर्चीत बसवत नाही.

सेक्रेटरींना मी हल्ली दोन उत्तरं देते. तुमच्या गेटसमोर सकाळी आठ वाजता नाकाला जे झोंबतं ते गाड्यांचं आणि रात्री कुणीतरी पेटवलेल्या कचऱ्याचं. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, म्हणून ते तिथेच साचतं. त्यासाठी वॉचमनला झाडलोट जाळू देऊ नका, त्याला एक हीटर घेऊन द्या. आणि दुपारी लांबच्या टेकड्या पुसट करणारा जो पांढुरका पडदा दिसतो, त्यातला बराचसा भाग बाहेरगावहून आलेला असतो. तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुटणार नाही. त्यासाठी पत्र लिहायचं असेल तर मसुदा मी करून देईन, सह्या तुम्ही गोळा करा.