थंडीवरचा आळ

मुंबईकराला थंडीचं भारी कौतुक. पारा सोळावर आला की डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर बाहेर पडतात, आणि १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला ७.४ अंश झाले होते हे आम्ही असं सांगतो की जणू त्या रात्री आम्हीच कुडकुडत बसलो होतो. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

गेल्या जानेवारीत आरेच्या बाजूने असाच गारवा उतरला. आमच्या गोरेगावच्या सोसायटीत वॉचमनने शेकोटी पेटवली आणि कमिटीने ती विझवायला लावली. त्यातल्याच एका पहाटे पावणेसहाला मी गाडीत बसलो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरची मावशी येत होती, तिला दादरहून आणायचं होतं. चावी फिरवली. कट्. परत फिरवली. कट्-कट्-कट्-कट्. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, इथे ती बॉनेटखालीच चुकचुकत होती.

"सेल्फ मारत बसू नकोस. उरलीसुरली आहे तीही बसेल."

दुधाची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे होते. काकांची सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्तीनंतर दुसऱ्याची बंद पडलेली गाडी दिसली की त्यांचा चेहरा खुलतो.

"दिवे लाव." लावले. हळदीच्या पाण्यासारखा उजेड पडला. "आता चावी मार." मारली, तर तोही विझत आला.

"बॅटरी," काका म्हणाले. "दिवे लख्ख राहून नुसतं एकदा टक् झालं असतं, तर मी सेल्फवर संशय घेतला असता."

धक्का मारू या का, असं विचारून बघितलं. बाबांच्या फियाटला धक्का मारण्यात माझं अर्धं बालपण गेलं. दुसरा गिअर, क्लच सोड, आणि धूर नाकात. पण आताची गाडी ऑटोमॅटिक. तिला धक्का मारला तर ती फक्त पुढे जाते.

काकांनी वरून मीटर आणला. ११.७. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे पोट भरलेलं असताना १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. १२.२ ला ती निम्मी रिकामी असते. माझी तर उपाशीच होती.

"थंडीने झालं असेल ना, काका?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाचच मफलर काढावासा वाटला. मग त्यांनी बॅटरीवरचा स्टिकर दाखवला. कडाक्याच्या थंडीत गाडी उठवायला ती किती अँपिअर देऊ शकते, तो आकडा. ही परीक्षा उणे अठरा अंशांवर घेतात. तशा थंडीत आम्लाची आणि शिशाची प्रक्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे बॅटरीकडे देण्यासारखं कमी आणि इंजिनचं मागणं जास्त. "तू अधिक सोळावर रडतोयस," काका म्हणाले.

मग मारेकरी कोण? मे महिना. आणि ऑक्टोबर. हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली जी भट्टी पेटते, तिच्यात बॅटरीचं पाणी आटतं आणि आतल्या प्लेटांच्या जाळ्या गंजतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा जुना ठोकताळा आहे. कमकुवत झालेली बॅटरी मग उरलेलं वर्ष कसंबसं ढकलते, आणि एखाद्या गार पहाटे उघडी पडते. आळ मात्र थंडीवर.

दुसरा आरोपी मी. गाडी निघते ती रविवारी, दोन किलोमीटरवरच्या बाजारापर्यंत. सेल्फने जेवढं खाल्लं तेवढंही परत भरत नाही. दिवाळीत ती तीन आठवडे उभीच होती, वर डॅशकॅम रात्रंदिवस थेंब थेंब पीत होता. उतरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि ते खडीसाखरेसारखे घट्ट झाले की मग कितीही चार्ज करा. हे ऐकताना मी वॉचमनकडे बघत होतो. तो हसत होता.

शेजारची गाडी आणून जम्पर केबल लावली. लाल आमच्या प्लसला, लाल त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला. उरलेलं काळं टोक मी आमच्या मायनसवर नेणार, तोच काका ओरडले. ते बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडते. हा क्रम त्यांनी माझ्याकडून आरतीसारखा दोनदा म्हणून घेतला. गाडी उठली. मीटर १४.२, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर निर्दोष.

पण टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी साचली होती. गाडी बंद करून, आधी मायनस सोडवून, त्यावर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा ओतायचा होता. खिडकीतून सोडा देताना बायको म्हणाली, "भज्यांपुरता ठेवा." फसफस जोरात चालू असताना फाटकातून काळी-पिवळी आत आली. मावशी उतरली.

"मला न्यायला येणार होतास, ती गाडी कुठाय?"

"ही काय. थंडीने..."

"ह्याला थंडी म्हणतोस?"

साडेदहाला बॅटरीवाला आला. चावी मारताच आकडा आठपर्यंत घसरला. साडेनऊच्या वर टिकायला हवा होता. साडेचार वर्षांची होती बिचारी. शिशाचे म्हणून जुनीचे थोडे पैसे वळते झाले, नवी बसली.

बॅटरी बदलली की गाडीतलं घड्याळ बारावर जातं आणि तिथूनच चालू लागतं. ते लावायचं मी विसरलो. चार दिवसांनी संध्याकाळी सातला मावशीला दादरला सोडायला निघालो. सिग्नलला तिची नजर समोर गेली. साडेआठ!

"अरे मेल्या, गाडी गेली माझी!"