प्रत्येक संचातली एक खुर्ची

रशियातल्या पाव्लोव्स्कच्या राजवाड्याविषयी वाचताना त्याच्या घुमटापेक्षा आणि संगमरवरी दालनांपेक्षा माझ्या मनात १९४१ सालचा एक साधा निर्णय अधिक रेंगाळतो: सगळे फर्निचर हलवणे शक्य नसेल, तर प्रत्येक संचातली निदान एक खुर्ची नमुना म्हणून वाचवायची.

सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला स्लाव्यांका नदीकाठची ही जमीन सम्राज्ञी कॅथरीनने १७७७ मध्ये, नातू अलेक्झांडरच्या जन्मानिमित्त, मुलगा पॉल आणि सून मारिया फ्योदोरोव्हना यांना दिली. स्कॉटिश वास्तुविशारद चार्ल्स कॅमेरॉनने वाडा उभारला, ब्रेनाने तो वाढवला आणि १८०३ च्या आगीनंतर व्होरोनिखिनने सावरला. तरी घरावर खरी छाप मारियाचीच. तिने १७९५ मध्ये एकेका दालनाचे वर्णन स्वतः लिहून ठेवले होते. हौसेने केलेले ते टिपण दीडशे वर्षांनी जीर्णोद्धाराच्या कामी येणार होते.

१९१८ मध्ये संग्रहालय झालेल्या या वाड्याच्या दिशेने जर्मन फौजा येऊ लागल्या, तेव्हा जे नेता येईल ते बांधून पाठवले गेले. प्राचीन शिल्पे तळघराच्या एका कोपऱ्यात ठेवून समोर विटांची भिंत घातली गेली आणि उद्यानातले पुतळे जमिनीत पुरले गेले. अवघ्या २८ वर्षांच्या संचालिका आना झेलेनोव्हा शेवटी पायीच लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, पोहोचल्या. जानेवारी १९४४ मध्ये त्या परतल्या, तेव्हा वाड्याच्या जळक्या भिंतीच उभ्या होत्या. तळघरातली ती भिंत मात्र शत्रूच्या लक्षात आली नव्हती. मग राखेचे ढिगारे चाळून नक्षीदार गिलाव्याचे तुकडे वेचणे सुरू झाले. पहिली दालने १९५७ मध्ये खुली झाली; उरलेल्यांना आणखी सुमारे वीस वर्षे लागली.

अशा वास्तूला ‘नक्कल’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण इथे कल्पनेने भर घालण्याऐवजी हाती उरलेल्या तुकड्याशी नवा तुकडा जुळवला गेला. उद्यानाची गोष्ट वेगळी. इटालियन नेपथ्यकार गोन्झागाने बर्च आणि पाइन यांच्या रंगछटांचा विचार करून रचलेल्या त्या सुमारे ६०० हेक्टरांतली जवळजवळ ७०,००० झाडे युद्धात तोडली गेली, आणि झाडाचा नमुना पेटीत बांधून ठेवण्याची सोय कोणाकडेच नव्हती. तिथे रोपे लावून ती वाढण्याची वाट पाहावी लागली.