'क्षितिज' पांढऱ्या आभाळावर उमटलं

काल रात्री साडेअकराला पांढऱ्याफटक आभाळावर माझा 'क्षितिज' शिक्का (फोटो माझा आहे हे सांगणारं, त्यावर पुसट उमटवलेलं नाव) अखेर दिसला. तोही भिगवणच्या त्याच कुरव पक्ष्याच्या फोटोवर, ज्याच्यापायी गेले तीन रविवार गेले!

अक्षर मागच्या नोंदीतलंच, 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट. बारीक आकारातही त्यातला 'क्षि' बुजत नाही, म्हणून माझं मन त्यावरून हलत नाही. मी वापरते त्या गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर आपसूक जुळतं. फोटोशॉपवाल्यांनी वर्ल्ड-रेडी लेआउट (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर वेलांटी भलतीकडे जाऊन बसते.

आता मूळ दुखणं. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर सकाळी धुकं असलं की वर आभाळ कोरं पांढरं आणि खाली पाणी काळपट. पांढरी अक्षरं ३० टक्के अपारदर्शक ठेवली तर पाण्यावर सुरेख, आभाळात गायब. काळी केली की उलट. मग अक्षरांचा थर खालच्या फोटोत मिसळायच्या पद्धती, म्हणजे ब्लेंड मोड, पाहिले: ओव्हरले लावला, सॉफ्ट लाइट लावला, तरी आभाळ कोरंच. कारण हिशेबातच आहे: या दोन्ही मोडमध्ये खालचा पिक्सेल शुद्ध पांढरा असेल, तर वर काहीही ठेवा, तो पांढराच राहतो. हार्ड लाइट हा तिसरा मोड म्हणजे ओव्हरलेच, पण थरांची अदलाबदल केलेला. तिथे वरच्या थराचं चालतं. तो मधल्या करड्याहून गडद असेल तर खालचं काळवंडतं, उजळ असेल तर उजळतं, आणि नेमका मधला असेल तर खालचा फोटो जसाच्या तसा.

म्हणजे करड्यावर उठावाची अक्षरं हवीत. काळ्यावर पांढरं 'क्षितिज' लिहिलं, २ पिक्सेल ब्लर दिला, एम्बॉस केलं (म्हणजे अक्षरांना करड्यावर उठाव देणारा फिल्टर लावला), हार्ड लाइटवर टाकलं. अक्षरं आली, पण त्यांच्याभोवती फिकट चौकोनी पाटीही आली. कडा पुसल्या, मास्क लावले, पाटी हटेना. शेवटी कलर पिकर टेकवला. सपाट भाग ८०८०८० (मधल्या करड्याचा रंगक्रमांक) हवा, तो निघाला बराच उजळ. एम्बॉसमधला एलिव्हेशनचा (उजेड किती उंचीवरून येतो त्याचा) कोन बदलला की सपाट भागाचा करडाही बदलतो! लेव्हल्स या उजेड-अंधार जुळवणाऱ्या साधनाने तो ८०८०८०वर आणला आणि पाटी नाहीशी झाली.

१०० टक्के झूमवर पाहण्यासारखं आहे. आभाळात अक्षराच्या फक्त सावलीकडच्या कडा उरतात, अगदी काळ्या पाण्यात फक्त उजेडाकडच्या. तरी 'क्ष'ची गाठ दोन्हीकडे वाचता येते. उरलेलं अक्षर डोळा पुरं करतो.

पुढचा बेत इमेजमॅजिकने (आज्ञा लिहून एकदम अनेक फोटोंवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरने) सगळा फोल्डर एकदम उरकायचा होता: फोटो आधी २०४८ पिक्सेलवर आणायचे, मग उजव्या खालच्या कोपऱ्यात शिक्का. (आधी शिक्का मारून मग फोटो लहान केला तर बारीक कडा मरतात.) पण हे लिहितानाच वाटलं, कोपरा कशाला? गेल्या पावसाळ्यात माझा एक फोटो कोणीतरी नेमका तो कोपरा कापून वापरला होता. त्यापेक्षा शिक्का पाणी आणि आभाळ जिथे मिळतात त्या रेषेवरच ठेवला तर? नावही क्षितिज, जागाही क्षितिज. कापायचा तर अर्धा फोटो जाईल.

मग सगळ्यांना एकच जागा देऊन काम जमणार नाही, प्रत्येक फोटोत ती रेषा वेगळ्या उंचीवर असते. चालेल. उंचीचा आकडा फाइलच्या नावातच लिहीन आणि स्क्रिप्टला तिथून उचलायला लावीन. येत्या रविवारी रोहित पक्ष्यांच्या १२ फोटोंवर करून बघते.