तिथी, भरती आणि रोजचे एक चित्र

रोज एक चित्र काढण्याची सवय घरच्या वातावरणात रुजलेली असली, तरी ती दुसऱ्या हवेत आणि दुसऱ्या पाण्याजवळ तशीच टिकते का, हे मला पाहायचे होते. नागपुरात माझी जागा ठरलेली आहे, ती म्हणजे फुटाळा तलावाचा काठ. वेळही ठरलेली आहे. वैशाखात सकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि सात वाजेपर्यंत चित्र संपवावे लागते, कारण त्यानंतर ऊन डोळ्यांना आणि कागदाला, दोघांनाही सोसत नाही. कोरड्या हवेत जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, कागदावर पसरेपर्यंत त्याची कड वाळलेली असते आणि आभाळाच्या मध्यावर एक कडक रेघ उमटते. त्यामुळे विदर्भात बाहेर बसून रंगवणारा माणूस आपसूक वेगवान होतो. तो कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेतो, मोठा कुंचला वापरतो आणि एकदा टाकलेल्या रंगाला पुन्हा हात लावत नाही.

ही शिस्त सोबत घेऊन मी वैशाख पौर्णिमेला रत्नागिरीला पोहोचले. नागपूर ते मुंबई आणि पुढे कोकण रेल्वे असा लांबचा प्रवास होता. गाडीत रेखाटन करण्याचा बेत होता, परंतु कोकण रेल्वेवर बोगदे इतके आहेत की डोंगराची एक कड काढेपर्यंत अंधार होतो. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा, या मार्गावरचा सर्वांत मोठा आहे. मी वही मिटून शांत बसले.

मुक्काम मांडवीच्या किनाऱ्याजवळ होता. पहिल्याच पहाटे सवयीप्रमाणे साडेपाचला किनाऱ्यावर गेले, तर सगळीकडे अंधार होता. रत्नागिरी नागपूरच्या बरीच पश्चिमेला आणि दक्षिणेलाही असल्यामुळे त्या दिवसांत तिथे सूर्योदय घड्याळानुसार सुमारे अर्ध्या तासाने उशिरा होतो. शिवाय तो जमिनीच्या बाजूने, सह्याद्रीमागून होतो. चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. सकाळी प्रकाश आपल्या पाठीमागून येऊन समुद्रावर पडतो, म्हणून पाण्याचा खरा रंग, त्यातला हिरवा, राखाडी आणि गढूळ भाग स्पष्ट दिसतो. संध्याकाळी तेच पाणी प्रकाशाच्या आड येते, रंग नाहीसा होतो आणि नुसती चकाकी उरते. बहुतेक लोक सूर्यास्त रंगवायला समुद्रावर जातात. माझे मत असे झाले आहे की समुद्र शिकायचा असेल, तर त्याला सकाळी भेटावे.

मांडवीची वाळू काळी आहे आणि माझ्यासारख्या शिकणाऱ्या व्यक्तीला तिची फार मदत होते. पाण्याहून वाळू गडद असल्यामुळे फेसाची कड आपोआप उठून दिसते. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा ठेवलेला कागद, आणि तो कुठे कोरा ठेवायचा, हे ही वाळू स्वच्छ दाखवते. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग यांच्या मिश्रणातून जो राखी रंग निघतो, तो ओल्या वाळूला अगदी जुळला. नागपूरहून नेलेल्या बाकीच्या रंगांपैकी निम्म्यांना हात लावावा लागला नाही.

मी ठरवले होते की रोज सकाळी सात वाजता, त्याच जागी बसून, तीच चौकट काढायची. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सकाळी ओहोटी नुकतीच संपली होती आणि समोर रुंद, चमकती वाळू होती. दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी वाळू बरीच कमी दिसू लागली. जवळ जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका वयस्कर कोळीबाबांना मी भरतीच्या वेळा विचारल्या आणि मोबाइल काढला. ते म्हणाले, “ताई, घड्याळ काय बघताय, तिथी बघा.” मग त्यांनी किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असलेला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि तशीच दुसरी भरती साधारण बारा तासांनी. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, याचा हा तोंडी करायचा हिशेब आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकत्र येते, तेव्हा उधाण असते. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींना छेद देते, तेव्हा भांग असते आणि पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

माझ्यापुढे आता दोन वाटा होत्या. रोज ओहोटी गाठण्यासाठी वेळ बदलत न्यावी, की वेळ तशीच ठेवून पाण्याला बदलू द्यावे? मी वेळ सोडली नाही. अष्टमीपर्यंतची पाने शेजारी शेजारी मांडली, तेव्हा सात वाजताची वाळू पानापानाने आटत गेलेली दिसली, आणि हा हिशेब मला पाठांतराशिवाय कळला. एकेक चित्र पाहिले तर त्यात विशेष काही नाही. रोजच्या सवयीचे मोल त्या रांगेत आहे, असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळची रेखाटने मी केवळ पेनाने केली. रत्नदुर्गावर चढून पाहिले की क्षितिज आपल्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत वर येते आणि होड्या पूर्णपणे त्याच्या खाली राहतात. किनाऱ्यावर बसले की त्याच होड्यांचा वरचा भाग क्षितिजाला छेदून जातो. फुटाळ्याच्या पलीकडच्या काठावर झाडे असल्यामुळे मोकळे क्षितिज काढण्याचा प्रसंग मला कधी आला नव्हता. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी काढताना नांगरलेल्या होड्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. वारा मंद असेल तर ओहोटीला त्यांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाडीला मिळणाऱ्या काजळी नदीच्या वरच्या अंगाला असते आणि भरती सुरू झाली की सगळ्या हळूहळू समुद्राकडे वळतात. जवळच १९१० मध्ये बांधलेला थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याचे राज्य १८८५ मध्ये गेले आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रत्नागिरीतच होता. समुद्रापासून दूर असलेल्या मंडालेच्या त्या राजाने या खाडीकडे किती वर्षे पाहिले असेल, या विचाराने त्या तांबूस भिंती रंगवताना माझा हात सावकाश चालला.

हात सावकाश चालण्याचे दुसरे कारण हवा होती. तिथे वॉश वाळता वाळत नाही, आणि अर्धवट ओल्या थरावर दुसरा थर दिला की दोन्ही मिसळून चिखल होतो. म्हणून मी दोन वह्या घेऊन बसू लागले, एकीतले पान वाळेपर्यंत दुसरीत काम करायचे. पाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बटर पेपर ठेवला. रंगांच्या वड्या पूर्ण सुकल्याशिवाय डबी मिटली नाही, कारण दमट हवेत त्यांवर बुरशी चढते. कुंचला समुद्राच्या पाण्यात बुडवून एक पान रंगवले. रंगाचे सुंदर कण उमटले, परंतु मीठ हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळे ते पान पुढे कित्येक दिवस दमट लागत होते.

परतले तेव्हा नागपुरात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता आणि पाण्याचा थेंब पॅलेटवर ठरत नव्हता. दोन वह्यांची पद्धत आठवली ती थेट आषाढात. पाऊस लागला, सेमिनरी हिल्सची टेकडी हिरवी झाली, आभाळ खाली आले आणि कागद कोकणासारखा ओला राहू लागला. इतकी वर्षे पावसाळ्यात मी शहरात घरातल्या वस्तूच काढत असे. यंदा छत्री घेऊन फुटाळ्यावर दोन वह्यांसह बसते आहे, ओल्या कागदात ढग सोडते आहे आणि थर वाळण्याची वाट पाहते आहे. आश्विनात ऊन कडक झाले की दुसरी वही घरी राहील.