टेरानिग्माचं गाव, देवनागरी खिडकीसह: नोंद चौथी

टेरानिग्मा या जुन्या खेळातल्यासारखं गाव मराठीत उभारण्याच्या प्रकल्पात या खेपेला तीन कामं हातात होती: संवादाची खिडकी, रंग आणि वेग. खिडकी जवळपास झाली, रंग पूर्ण झाले, वेगाचं घोडं अजून अडलंय. त्यावर शेवटी लिहिलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं. टेरानिग्मा हा क्विंटेट या जपानी स्टुडिओने केलेला, सुपर निन्टेंडो या गेमयंत्रावरचा ॲक्शन आरपीजी (भूमिका निभावत लढायचा खेळ). जपानमध्ये एनिक्सने तो ऑक्टोबर १९९५ मध्ये काढला, युरोपात निन्टेंडोने डिसेंबर १९९६ मध्ये. अमेरिकेत आलाच नाही, कारण एनिक्सने तिथला गाशा आधीच गुंडाळला होता. युरोपात पोचला तेव्हा दुकानाच्या दर्शनी फळीवर प्लेस्टेशन होतं. मियाझाकींची कथा, कामुई फुजिवारांची पात्रं, कोबायाशी आणि हिकिची यांचं संगीत, एवढा ऐवज असूनही खेळ कोपऱ्यात राहिला. जमिनीच्या पोटातलं क्रिस्टा गाव, मनाई असलेलं दार, त्यामागची पँडोराची पेटी, ती उघडताच थिजलेलं गाव, आणि मग पाच मनोरे सर करत एकेक खंड वर आणणारा नायक आर्क. सामानाचा पडदासुद्धा त्याच पेटीच्या आतलं दालन आहे. मेनू हा कथेचाच भाग झालेले खेळ आजही हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

प्रकल्प एवढाच: क्रिस्टासारखं एक गाव आणि अंतर्लोकाच्या, म्हणजे जमिनीखालच्या जगाच्या, नकाशाचा एक तुकडा गोडो ४ या खेळ बनवण्याच्या इंजिनमध्ये उभा करायचा, संवाद मराठीत. मूळ रॉममधलं (कार्ट्रिजच्या चिपमधलं) चित्र, वाक्य किंवा सुरावट घेतलेली नाही. टाइल (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) हाताने काढल्यात, वाक्यं आपली आहेत. नियम एकच: त्या यंत्राच्या मर्यादा जशाच्या तशा पाळायच्या, आणि जिथे देवनागरी त्यात मावत नाही तिथे नेमकी कोणती मर्यादा मोडली ते लिहून ठेवायचं. फिल्टर लावून "रेट्रो" दिसणाऱ्या खेळांचा कंटाळा आला असेल तर कारण हेच असतं. त्यांत पिक्सेल मोठे असतात, पण अडचण कुठलीच नसते.

रंग

सुपर निन्टेंडोच्या रंगपेटीत एका वेळी २५६ नोंदी राहतात, प्रत्येक रंग १५ बिटांचा, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांना ५-५ बिट. मोड १ या चित्र-पद्धतीत पहिल्या दोन पार्श्वभूमींना (चित्राच्या थरांना) १६-१६ रंगांचे ८ संच मिळतात, त्यातला शून्य क्रमांकाचा रंग पारदर्शक. म्हणजे एका ८×८ टाइलमध्ये जास्तीत जास्त १५ रंग. तिसऱ्या पार्श्वभूमीच्या वाट्याला ३ रंग आणि पारदर्शक. मजकूर सहसा तिसरीवरच बसतो, म्हणून अक्षराला गाभा, कड आणि सावली एवढंच मिळतं.

५ बिटांचा रंग ८ बिटांत नेताना हमखास होणारी चूक: किंमत नुसती ८ ने गुणली जाते. मग ३१ चे २४८ होतात, पांढरा कधीच पांढरा दिसत नाही आणि सगळ्या गावावर राखेचा थर बसल्यासारखं वाटतं. बरोबर रीत अशी: ८ ने गुणा, आणि त्यात मूळ किंमत ४ ने भागून येणारा पूर्णांक मिळवा. ३१ चे २४८ अधिक ७, बरोबर २५५.

गावासाठी ८ पैकी ५ संच वापरले: जमीन-गवत, घरं, पाणी आणि स्फटिक, आतल्या खोल्या, आणि गाव थिजल्यावरचा निळसर संच. थिजलेल्या गावासाठी वेगळ्या टाइल काढायच्या नाहीत, फक्त संच बदलायचा. गोडोत हे करायला टाइलचं चित्र राखाडी क्रमांकांत ठेवा (० ते १५, दोन छटांत १७ चं अंतर) आणि शेडरने (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) १६ रुंद, ८ उंच अशा रंगपट्टीतून रंग उचला. चित्र आयात करताना कॉम्प्रेस मोड लॉसलेस हवा. व्हीरॅम कॉम्प्रेशन चुकून राहिलं तर क्रमांक एकदोनने सरकतात आणि छपरांवर हिरवे ठिपके उगवतात.

पडदा

मूळ आकार २५६×२२४. चौकोनी पिक्सेलवर दाखवला की माणसं उंच आणि अरुंद दिसतात, कारण टीव्हीवर पिक्सेल चौकोनी नव्हता. एनटीएससीवर (जपान-अमेरिकेतली टीव्ही पद्धत) त्याची रुंदी उंचीच्या साधारण १.१४ पट, पालवर (युरोपातली) १.३९ पट. पालवर आणखी एक भानगड: दिसणाऱ्या सुमारे २८८ ओळींपैकी खेळ २२४ च भरतो, म्हणून वरखाली मिळून ६४ ओळींचे काळे पट्टे, आणि चित्र दबलेलं. युरोपातल्या मुलांना आठवतो तो हाच बसका आर्क.

१०८० ओळींच्या पडद्यावर सोपा तोडगा: आडवं ५ पट, उभं ४ पट. १२८०×८९६ मिळतं, पिक्सेलचं प्रमाण १.२५, म्हणजे दोन्हींच्या मधलं, आणि सगळे पिक्सेल एकसारखे. गोडोची पूर्णांक-मोजणी दोन्ही दिशांना एकच पट देते, त्यामुळे ती इथे उपयोगाची नाही. २५६×२२४ चा सबव्ह्यूपोर्ट करा, तो टेक्श्चररेक्टमध्ये १२८०×८९६ ला ताणा, फिल्टर निअरेस्ट ठेवा, आणि विंडोज-लिनक्समधलं पडद्याचं १२५ टक्के स्केलिंग बंद करा. ते चालू राहिलं की काही रांगा जाड, काही बारीक दिसतात आणि दोष शेडरवर ढकलला जातो.

खिडकी आणि अक्षर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. रोमन अक्षर ८×८ किंवा ८×१६ मध्ये आरामात बसतं. देवनागरीला तीन मजले लागतात. मोजून ठरलेली वाटणी अशी: वरची मात्रा, रफार, अनुस्वार यांना ५ पिक्सेल, शिरोरेषेसह अक्षराच्या अंगाला ९, उकार-ऋकाराला ४. एकूण १८, ओळींमध्ये २ ची फट, म्हणजे २० ची ओळ. १६ मध्ये बसवायचे तीन प्रयत्न केले. "सर्वांनीं" छापाचा जुना अनुस्वार सोडून दिला तरी "र्की" आणि "र्वां" मध्ये रफार आणि शेजारचं चिन्ह एकमेकांत मिसळतात. मोडलेली मर्यादा क्रमांक एक: ८ च्या पटीतली ओळ.

तीन ओळी ६०, समास वरखाली ८-८, एकूण खिडकी ७६ पिक्सेल. पडद्याचा तिसरा हिस्सा गेला. उलट रुंदीत फायदा झाला: २०८ पिक्सेलांत सरासरी ९ रुंदीची २३ अक्षरं मावतात, आणि मराठी अक्षरात स्वर आतच असतो. "आर्क, पुन्हा उशिरा उठलास?" एका ओळीत बसून जागा उरते.

फॉन्ट फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या प्रोग्राममध्ये चौकोन जोडून केला. एमचा आकार (अक्षराच्या चौकटीची उंची) २००० ठेवा आणि एक पिक्सेल १०० एककांचा. मग २० आकारात तो अचूक उमटतो, ४० लाही. मात्रांचे अँकर (अक्षराला जोडायचे बिंदू) १०० च्या पटीतच हवेत; ५० वर ठेवलेला एक अँकर "के" मधली मात्रा अर्धा पिक्सेल सरकवतो आणि ती शिरोरेषेपासून सुटते. आयात करताना अँटिअलायझिंग, हिंटिंग आणि सबपिक्सेल पोझिशनिंग तिन्ही बंद.

लिपीचा टॅग (फॉन्टमधली लिपीची खूण) dev2 चा, म्हणजे "देव२", वापरा. जोडाक्षरं एकदम सगळी करायला बसू नका. आधी संवाद लिहा, त्यातली जोडाक्षरं मोजा. आपल्या पहिल्या गावाच्या मजकुरात ६१ निघाली, बाकीची अर्धाक्षर जोडून भागतात.

मराठीसाठी खास पाहायच्या जागा:

ऱ्य आणि ऱ्ह. "दऱ्या", "कुऱ्हाड", "बिचाऱ्या". इथे युनिकोडमधला यू+०९३१ अधिक हलन्त येतं आणि त्याचं चंद्रकोरीसारखं रूप फॉन्टच्या "हाफ" फीचरमध्ये (अक्षराचं रूप बदलण्याच्या नियमात) द्यावं लागतं. हे विसरलं की नुक्ता दिलेला र पाय मोडून उभा राहतो. केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कित्येक पिक्सेल फॉन्टमध्ये हीच गळती आहे.

ल आणि श. मराठी वळणाचा ल मूळ रूप म्हणून ठेवला तर प्रश्नच नाही. दोन्ही वळणं ठेवायची असतील तर "लोकल" फीचर मराठीच्या टॅगखाली लिहा आणि गोडोतल्या लेबलची भाषा "एमआर" ठेवा. ती रिकामी असेल तर गोडो खेळाची चालू भाषा धरतो, आणि ती मराठी नसेल तर फीचर लागूच होत नाही.

ॲ. हा यू+०९७२ आहे. अ वर चंद्र चिकटवून टंकलेला मजकूर वेगळा. दिसायला एक, शोधायला दोन. मजकुराच्या फायलीत आधीच एकसारखा करून घ्या.

पहिली वेलांटी. रुंद जोडाक्षरावर तिचा हात पुरत नाही. ९, १२ आणि १५ पिक्सेल अशी तीन रूपं केली, अजून १८ चं लागेल.

आता एकेक अक्षर उमटण्याची गंमत. लेबलमध्ये दिसणाऱ्या अक्षरांची संख्या वाढवत नेली की गोडो मूळपणे आधी मजकूर कापतो, मग जुळवतो. त्यामुळे "क्षमा" लिहिताना आधी क, मग पाय मोडका क्, मग क्ष असा तमाशा होतो आणि "कि" मध्ये क आधी येऊन नंतर बाजूला सरकतो. "व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेव्हियर" मध्ये जुळवणीनंतरचा पर्याय निवडा, म्हणजे सरकणं थांबतं. शिवाय आवाजाची टिकटिक कोडपॉइंटवर (युनिकोडच्या सुट्या चिन्हावर) न वाजवता गोडोच्या टेक्स्टसर्व्हरकडून अक्षरसमूहांच्या सीमा मागवून त्यांवर वाजवा. नाहीतर "स्त्री" ला सहा टिकटिक आणि "घर" ला दोन. गोडो ३ वर हे करत बसू नका, तिथे जोडाक्षरांची जुळवणीच नाही.

भाषेचे दोन निर्णय. जमिनीखालच्या जगाला "पाताळ" म्हटलं की बळीराजा आणि नागलोक सोबत येतात, तिथे वैभव असतं; क्रिस्टाच्या बाहेरचं जग ओसाड आहे. "अंडरवर्ल्ड" ठेवलं तर मुंबईच्या वाचकाला टोळ्या आठवतात. म्हणून अंतर्लोक. दुसरा निर्णय संबोधनाचा: गावचे वडीलधारे आर्कला "तू" म्हणतात, तो त्यांना "आजोबा, तुम्ही". क्रिस्टातल्या एल या मुलीशी "तू". पुढे कधी भूपृष्ठावरचा भाग केला तर तिथल्या किल्ल्यातल्या एलशी त्याची सुरुवात "तुम्ही" ने होईल. चेहरा तोच, पण नातं अजून जुळलेलं नाही, हे मराठीत एका शब्दात येतं.

नकाशा

अंतर्लोकाचा नकाशा मोड ७ (थर फिरवता-ताणता येणारी चित्र-पद्धत) वर आहे: १२८×१२८ टाइल, म्हणजे १०२४×१०२४ पिक्सेल, आणि वेगळ्या टाइल फक्त २५६. यंत्र दर ओळीला फिरवण्या-ताणण्याचे आकडे बदलतं, ओळीच्या आत नाही. त्यामुळे जमीन गोळ्यासारखी नाही, पिंपासारखी वळते. शेडरमध्ये हे जसंच्या तसं हवं असेल तर उभी जागा आधी २२४ ओळींवर पूर्णांकात आणा आणि २२४ आकड्यांचा तक्ता वापरा. आकडे २५६ व्या हिश्शापर्यंत गोल करा. दूरच्या ओळींची ती ओळखीची थरथर याच गोलाईतून येते. गुळगुळीत गणित केलं तर नकाशा फार शहाणा दिसतो.

मोड ७ मध्ये पार्श्वभूमी एकच, त्यामुळे त्यावर तिसऱ्या पार्श्वभूमीची खिडकी उघडता येत नाही. मूळ यंत्रावर एकतर मजकूर स्प्राइटचा (थरांवर फिरणाऱ्या सुट्या चित्रांचा) करावा लागतो, नाहीतर पडद्याच्या मध्येच मोड बदलावा लागतो. आपण नकाशावर संवादच ठेवला नाही.

वेग

हे अडलेलं काम. एनटीएससी यंत्र सेकंदाला सुमारे ६०.१ चित्रं दाखवतं, पाल ५०. आपल्या जुन्या दूरदर्शनची पद्धतही पालच होती, त्यामुळे ५० हर्ट्झ इथे नवलाचं नाही. आपल्या आर्कची चाल दर टिकला (खेळाच्या गणनेच्या एका ठोक्याला) २ पिक्सेल. ६० वर पडदा २.१३ सेकंदांत ओलांडला जातो, ५० वर २.५६ त. आवाजाची चिप मात्र स्वतःच्या घड्याळावर चालते, त्यामुळे तिच्याच टायमरवर बसवलेलं संगीत मंदावत नाही. म्हणजे पालवर पाय जड आणि सूर पूर्ववत. अंतर्लोकात ही विसंगती खरं तर शोभते.

फिजिक्स टिक ५० ला ठेवली. अडचण अशी की ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर पाचवं चित्र दोनदा येतं आणि सरकतं गाव अडखळतं. इंटरपोलेशन (दोन टिकांमधली जागा मोजून दाखवणं) लावलं तर अडखळणं जातं, पण आर्क अर्ध्या पिक्सेलवर उभा राहतो आणि कडा लुकलुकतात. मॉनिटर ५०, १०० किंवा १५० वर नेला तर सगळं सुरळीत. १४४ चा मॉनिटर १०० वर नेता येतो का ते त्याच्या सेटिंगमध्ये पाहा. बऱ्याच लॅपटॉपांना ५० मिळतच नाही. सध्या सुरुवातीला ५०/६० चा पर्याय ठेवलाय, आणि ६० निवडल्यास चाल दर टिकला १.६७ न करता २ च ठेवली आहे. अपूर्णांक चाल घेतली की पावलांची चित्रं आणि जमीन यांचा मेळ सुटतो.

मूळ कार्ट्रिज ताडून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: जुन्या कार्ट्रिजमधला, सेव्ह जपणारा सीआर२०३२ सेल आता वयाने थकलेला असतो. कार्ट्रिज उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट (खास पेचकस) लागतो. मीटरवर २.५ व्होल्टच्या खाली असेल तर बदला, पण आधी कार्ट्रिज रीडरने ८ केबीची सेव्ह उतरवून घ्या. सेल काढला की ती जाते. पट्ट्या आधीच जोडलेला सेल घ्या, साध्या सेलवर थेट डाग देऊ नका. ऋण बाजू मोठ्या तांब्याला जोडलेली असल्याने उशिरा तापते, तिथे घाईने ओढलं तर पॅड उखडतो. विकत घेताना बोर्ड उघडून दाखवायला सांगा: लॉकआउट चिपवर (कार्ट्रिज त्याच प्रदेशातली आहे का ते तपासणाऱ्या) पालसाठी डी४१३ असा आकडा असतो. नक्कल कार्ट्रिज या खेळाची ढिगाने फिरतात.

बाकी राहिलेलं: १८ ची वेलांटी, विणकराच्या घराच्या आतल्या ४० टाइल, आणि थिजलेल्या गावात पाण्याचं चलचित्र थांबवणं. संच बदलतो, पण ओढा अजून वाहतोच आहे.